वळवाआधी डीपी, न्यूट्रल आणि अर्थिंग

वळीव कोसळायच्या आत डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, घरापर्यंतची न्यूट्रल (करंटची परतीची वायर) आणि अर्थिंग (जमिनीत पुरलेली जोडणी) नजरेखालून घालायची. डीपीकडे मात्र लांबूनच बघायचं. तिथे ११,००० व्होल्ट ४३३ वर उतरतात आणि न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो. नियमाप्रमाणे त्याला दोन स्वतंत्र अर्थिंग हव्यात, म्हणजे एक पट्टी गंजून तुटली तरी दुसरी शाबूत राहते. तुटकी पट्टी दिसली तर हात न लावता वायरमनला कळवा आणि तक्रार लेखी द्या.

मग विहिरीवरची खोली. फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, घेऊन दुसरी वायर अर्थिंगच्या सळईला लावलेली असेल आणि त्यावर बल्ब पेटत असेल, तर मेन बंद करून तो आजच काढून टाका. मी हे ठिकठिकाणी बघतो आणि दरवेळी जीव खाली-वर होतो. अर्थिंगमधून एरवी करंट जायचाच नसतो. परतीची वाट न्यूट्रलची. रान वाळलं की सळईवरच व्होल्टेज चढतं, आणि त्याच सळईला बांधलेली स्टार्टरची पेटी नि पंपाचा पाइपही जिवंत होतो. बल्ब मंद झाला म्हणून लोक सळईभोवती पाणी ओततात, तेही अनवाणी. बल्ब हवाच असेल तर वायरमनकडून डीपीवरून न्यूट्रल ओढून घ्या.

मिरजेकडच्या काळ्या रानात ओल टिकते, तिथे अर्थिंग चांगली बसते. जत-आटपाडीच्या मुरमाड माळावर एका पाइपावर भागत नाही. दोन पाइप खोल आणि एकमेकांपासून लांब पुरून जोडावे लागतात, उन्हाळाभर खड्ड्यात पाणी घालावं लागतं. अर्थिंगचा रोध किती आला ते अर्थ टेस्टरनेच मोजून घ्या.

घरात काही दिवे भगभगीत आणि काही मंद झाले, तर न्यूट्रल सुटल्याची शंका घ्या. थ्री फेज लाइनचा न्यूट्रल तुटला की कमी लोडच्या फेजवर २३० व्होल्टचे ४०० च्या जवळ जाऊ शकतात. लगेच मेन बंद करा. सॉकेटमध्ये अर्थ आणि न्यूट्रल कुणी एकत्र जोडले असतील तर ते वेगळे करून घ्या; न्यूट्रल सुटला तर फ्रिजच्या दाराला शॉक येईल.

अर्थिंगचा रोध १० ओहम असेल तर फॉल्टचा करंट २३ अँपिअरच्या वर जात नाही आणि ३२ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच, पडत नाही. म्हणून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळला की लाइन तोडणारा स्विच, बसवा. असेल तर टेस्टचं बटण दाबा. पडली नाही, तर पावसाच्या आत बदला.