व्हॉलीबॉलच्या पहिल्या तासाआधी काय काय तयार ठेवायचं

या सेमिस्टरला ज्यांनी फिजिकल एज्युकेशनमध्ये व्हॉलीबॉल घेतलंय आणि आजवर कधी नेटच्या जवळसुद्धा गेले नाहीत त्यांच्यासाठी लिहितेय, पहिल्या तासाच्या दोनेक आठवडे आधी वाचलं तर जास्त उपयोग होईल. एक गोष्ट आधीच सांगते, सगळे स्मॅश मारायचं डोक्यात घेऊन येतात आणि सुरुवातीचे कित्येक तास स्मॅशची वेळच येत नाही, कारण बॉल पलीकडे पाठवायला टीमला तीनच टच असतात आणि पहिला टचच भलतीकडे गेला तर पुढे उचलायला आणि मारायला उरतं काय? म्हणजे शिकायचं ते दोन गोष्टी, सर्व्हिस नेटपलीकडे टाकणं आणि आलेला बॉल हातांवर घेऊन नीट वर देणं, म्हणजे पास. या दोन ज्याला जमल्या तो नवशिक्यांच्या मॅचमध्ये सगळ्यात कामाचा, मग उंची कितीही असो. खालची सगळी यादी त्या हिशोबानेच केलीय.

आधी बूट. धावायचे बूट असतील तर तेच चालतील असं वाटतं पण त्यांची टाच जाड आणि उंच असते, पुढे धावायला ते बरे, इथे तर सतत आडवं सरकायचं असतं आणि तिथेच घोटा मुरगळतो. बॅडमिंटनचे किंवा व्हॉलीबॉलचे, सपाट गम सोलचे, हॉलच्या फ्लोअरवर डाग न पाडणारे बूट घ्या, महागडेच पाहिजेत असं अजिबात नाही. आणि जूनमध्ये क्लास सुरू होत असेल तर ते बूट घालून घरातून निघू नका, आपल्या गोव्याची तांबडी माती एकदा सोलच्या खाचांत बसली की हॉलच्या दारात सर अडवणारच आणि ओला सोल फ्लोअरवर सटकतो तो वेगळाच. चपलेवर या, बूट प्लास्टिकच्या पिशवीत, हॉलच्या आत आल्यावर घाला. पावसात कदंबा बस पकडून ताळगाव पठारावर विद्यापीठात चढणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, पठारावरचा पाऊस आडवा येतो, छत्रीचा उपयोग कमरेच्या वरच.

कपड्यांचं थोडक्यात. दोन टी-शर्ट ठेवा, आपल्या दमट हवेत अर्ध्या तासात पहिला पिळून काढायला होतो. एक छोटा टॉवेल फक्त हात पुसायला, कारण घामाने ओल्या हातांवर बॉल पडला की तो कुठे जाईल त्याचा नेम नाही. फ्लोअरवर घाम सांडला तर थांबून पुसायचाच, खेळ थांबवायला लाजू नका. नीकॅप पहिल्या दिवशी नसली तरी चालेल, पण डाइव्ह किंवा गुडघ्यावर बसून बॉल घेणं सुरू झालं की पाहिजेच, पट्टीवाली नको, समोर स्पंज असलेली घ्या. नखं बारीक कापलेली. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, लोंबते कानातले सगळं घरी, इजा होईल असं काही घालून खेळायला नियमातच मनाई आहे. चष्मा चालतो, पण जबाबदारी आपली, मागे पट्टा लावून घ्या. केस घट्ट बांधा.

आता हातांबद्दल, कारण पहिल्या आठवड्यात सगळे इथेच घाबरतात. मनगटाच्या वरचा आतला भाग लाल होतो, बारीक लाल ठिपके येतात, कुणाकुणाला निळं पडतं. त्वचेला मार सवयीचा नसतो म्हणून होतं ते आणि हळूहळू कमी होतं. नको वाटत असेल तर लांब बाह्यांचा पातळ टी-शर्ट घाला, काही कमीपणा नाही त्यात. पण मनगटाच्या हाडावर किंवा अंगठ्यावर दुखत असेल तर ते मात्र चुकीच्या जागी बॉल लागतोय म्हणून. बॉल मनगटाच्या चार बोटं वर, दोन्ही हात जोडून जो सपाट भाग होतो त्यावर पडला पाहिजे.

ते हात जोडणं घरीच शिकून या, बॉलसुद्धा लागत नाही. एका हाताची बोटं दुसऱ्याच्या बोटांवर ठेवायची, दोन्ही अंगठे शेजारी शेजारी सरळ, मनगटं खाली दाबायची म्हणजे कोपरं आपोआप ताठ होतात. बोटं एकमेकांत अडकवून मूठ वळू नका, बॉल लागला की बोटं चिमटतात. गावात शूटिंग व्हॉलीबॉल खेळलेली मुलं असतात, त्यांचा अंदाज आणि वेग छान असतो पण मुठीने बॉल ठोकायची सवय असते, त्यांनी हे आरशासमोर जरा जास्त करावं. मग गुडघे वाकवून, पाय खांद्यांपेक्षा थोडे लांब ठेवून, हात तसेच धरून आडवं चालायचं, अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पायात पाय न अडकवता. उठताना जोर पायांतून आला पाहिजे. हात वर झोकायचेच नाहीत, खांदे किंचित उचलायचे बस. नवीन माणूस हात झोकतो म्हणून बॉल मागे जातो किंवा छताला लागतो, तुम्ही कोणत्याही क्लासमध्ये बघा.

बॉल मिळाला की भिंत शोधा. आणि इथे गोव्याची एक अडचण आहे, घराभोवतीचा गडगा बहुतेक चिऱ्यांचा असतो, त्याच्यावर बॉल मारला तर तो खरखरीत चिरा बॉलचं कातडं खातो आणि बॉल कुठेही उडतो. गिलावा केलेली भिंतच पाहिजे. माडाखाली नको, वरून काय पडेल सांगता येत नाही. शेजाऱ्यांची कौलं जवळ असतील तर तिथेही नको. आणि दुपारी दोन ते चार कृपा करून नको, गावात सगळे आडवे झालेले असतात आणि भिंतीवरचा ठप्प ठप्प आवाज तीन घरं ऐकू जातो. संध्याकाळी ऊन उतरल्यावर पंधरा-वीस मिनिटं पुरे. भिंतीवर खडूने दोन रेघा मारा, एक २.२४ मीटरवर, ती मुलींच्या नेटची उंची, एक २.४३ मीटरवर, ती मुलांची. बॉल भिंतीवर त्या रेघेच्या थोडा वर लागेल असा सारखा सारखा द्यायचा, सुटला तर परत पहिल्यापासून. रोज मोजा, आकडा वाढताना बघून खरंच हुरूप येतो.

सर्व्हिस अंडरआर्मनेच सुरू करा. उजवा हात मारणारा असेल तर डावा पाय पुढे, बॉल डाव्या हातात कमरेच्या उंचीवर, आणि उजव्या हाताच्या तळव्याच्या टाचेने खालून पुढे. यात एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते, बॉल हातात धरलेला असतानाच मारला तर ती फॉल्ट आहे, मारायच्या आधी तो हातातून सुटलेला पाहिजे, थोडासा वर उडवा किंवा नुसता सोडा, पण सोडा. सुरुवातीपासून हे केलं नाही तर टेस्टला पंचांची शिट्टी वाजते आणि सर्व्हिस पलीकडे जाऊनही पॉइंट जातो. कोर्ट १८ बाय ९ मीटरचं, म्हणजे मागच्या लाइनवरून नेट ९ मीटर लांब. पहिल्या दिवशी तिथून मारू नका, चार-पाच मीटरवरून मारा, दहातले आठ पलीकडे गेले की एक पाऊल मागे. शिट्टीनंतर सर्व्हिसला ८ सेकंद असतात, तो भरपूर वेळ आहे, एक श्वास घेऊन मारा. सर्व्हिस नेटला लागून पलीकडे पडली तर आता ती चालते, थांबू नका.

स्वतःचा बॉल घ्यावा का? दोघीतिघींनी मिळून घ्या, एक पुरतो. साधारण १८ पॅनलचा, मऊ पृष्ठभागाचा शिवलेला नाहीतर चिकटवलेला बॉल, कडक रबराचा स्वस्तातला नको, तो हातांना झोंबतो आणि मग माणूस बॉलला घाबरून अंग चोरायला लागतो, ती सवय सुटता सुटत नाही. नियमाप्रमाणे बॉलचा घेर ६५ ते ६७ सेंटिमीटर, वजन २६० ते २८० ग्रॅम. हवेचा दाब साधारण ४.३ ते ४.६ पीएसआय, म्हणजे बराच कमी. म्हणून गाडीच्या टायरला हवा भरतात तिथे नेऊन भरू नका, क्षणात दगड होतो. छोटा हातपंप घ्या, सुई आधी पाण्याने ओली करूनच घाला, कोरडी घातली तर व्हॉल्व्ह फाटतो. अंगठ्याने दाबला की जरासा आत गेला पाहिजे.

नियम पाठ करायची गरज नाही पण रोटेशन घरी समजून घ्या, पहिल्या मॅचला अर्धा वेळ तू इकडे, तू तिकडे यातच जातो. कागदावर चौकट काढा, सहा चिंचोके ठेवा. नेटकडे तोंड करून मागे उजवीकडे १ नंबर, तो सर्व्हिस करणारा, त्याच्या पुढे नेटजवळ २, मध्ये ३, डावीकडे ४, त्याच्या मागे ५, मागे मध्ये ६. समोरच्यांची सर्व्हिस असताना पॉइंट आपण जिंकला की सगळे घड्याळाच्या काट्यांसारखे एक जागा सरकतात, २ वाला १ वर येऊन सर्व्हिस करतो. आपल्याच सर्व्हिसवर पॉइंट मिळाला तर कुणी हलायचं नाही. चिंचोके दोन-तीनदा फिरवले की डोक्यात बसतं. बाकी लाइनवर पडलेला बॉल आत, एकाने लागोपाठ दोनदा बॉल खेळायचा नाही, ब्लॉकचा, म्हणजे नेटजवळ उडी मारून बॉल अडवतानाचा, टच तीनमध्ये धरत नाहीत, बॉल खेळताना नेटला हात लावायचा नाही, सेट २५ चा आणि पाचवा १५ चा, दोन पॉइंटची आघाडी हवीच. एवढ्यावर काम भागतं.

थिअरीच्या व्हायव्हाला मात्र थोडं लिहून ठेवा. हा खेळ विल्यम मॉर्गन यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतल्या होलिओक गावी वायएमसीएमध्ये तयार केला, पहिलं नाव मिंटोनेट. ऑलिम्पिकमध्ये आला १९६४ ला टोकियोत. आपल्या पुरुष टीमला एशियन गेम्समध्ये १९६२ ला जकार्तात रौप्य आणि १९८६ ला सेऊलमध्ये कांस्य मिळालं, १९८६ च्या त्या टीममध्ये केरळचे जिमी जॉर्ज होते. आणि लिबेरो, वेगळ्या रंगाच्या शर्टातला खेळाडू, १९९८ पासून आंतरराष्ट्रीय मॅचमध्ये आला. तो ब्लॉक करत नाही, नेटच्या वरून मारत नाही, त्याचं काम फक्त बॉल उचलणं. मला हा नियम फार आवडतो, कारण चांगला पास घेणाऱ्यासाठी खेळाने स्वतःच एक जागा तयार करून दिली. बुटक्या मुलामुलींनी तर हे लक्षात ठेवाच.

खाणं तासाच्या दीड-दोन तास आधी, पाव-भाजी असेल तर एक प्लेट, भरपेट नको. उशीर झाला तर नुसतं केळं. पाण्याची बाटली लिटरभराची, मीठ-साखर घातलेलं किंवा कोकमाचं सरबत चांगलं. घरी गेल्यावर उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं, घामातून गेलेलं मीठ-पाणी भरून निघतं. दमा असेल तर इनहेलर बॅगेत वरच्या कप्प्यात ठेवा आणि सरांना किंवा मॅडमना आधीच सांगून ठेवा, जुनं गुडघ्याचं, खांद्याचं दुखणं असेल तर तेही. पाळी असेल आणि उड्या नको वाटत असतील तर मॅडमना सरळ सांगा, त्या दिवशी पासिंग करता येतं. बोट मुरगळलं तर कुणालाही ते ओढू देऊ नका, ‘खेचलं की बसतं’ म्हणणारा एक तरी हॉलमध्ये असतोच. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटं, शेजारच्या बोटाला टेपने बांधा, सूज राहिली किंवा बोट वाकडं दिसलं तर डॉक्टरकडे. टेपचा रोल बॅगेत असू द्या.

आणि आवाज. ही तयारी कुणी करत नाही आणि मला विचाराल तर बुटांच्या खालोखाल हीच महत्त्वाची. दोघींच्या मधोमध बॉल येतो, दोघी बघत राहतात, बॉल खाली. बॉल नेट ओलांडायच्या आत ‘मायन!’ म्हणजे ‘माझा!’ असं ओरडायचं, आणि जिने ओरडलं तिनेच घ्यायचं, दुसरीने बाजूला व्हायचं. लाजरी मुलं पुटपुटतात, तेवढ्याने चालत नाही, पावसाळ्यात पत्र्याच्या छपरावर धो धो सुरू झालं की शेजारच्याचंही ऐकू येत नाही. भिंतीवर सराव करतानाच प्रत्येक बॉलला मोठ्याने ओरडायची सवय करा, शेजारी दोन दिवस बघतील, मग नाही बघणार.

मिरामारला वाळूत खेळून तयारी होते का असं विचारतात. पायांना छान, पडायची भीती जाते, पण वाळूत पाय रुततो आणि उडी वेगळी बसते, बीच व्हॉलीबॉलमध्ये दोघं दोघंच असतात, कोर्टही १६ बाय ८ चं. मजा म्हणून जरूर जा, रोजचा सराव कडक जमिनीवर असू दे. आणि चवथीच्या सुट्टीत सगळं सोडून देऊ नका, आरत्या, नेवऱ्या सगळं होऊ दे, पण मधे एक दिवस सोडून दहा मिनिटं तरी भिंतीशी उभं राहा, नाहीतर परत आल्यावर हात पहिल्या दिवसासारखे लाल होतात आणि टेस्ट बहुतेक तेव्हाच लागते.

पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं लवकर पोचा आणि नेट बांधायला पुढे व्हा. वरची दोरी ताणून बसली की मध्ये आणि दोन्ही साइडलाइनवर अशी तीन ठिकाणी उंची मोजायची, दोन्ही टोकं सारखी पाहिजेत आणि ठरलेल्या उंचीपेक्षा २ सेंटिमीटरहून जास्त वर नकोत. ढिल्या नेटवर शिकलात तर नेटमधून परतणारा बॉल कसा येतो हे कधी कळतच नाही, कारण ढिल्या नेटला लागलेला बॉल सरळ खाली पडतो. मग घोटे फिरवा, हात फिरवा, हॉलला दोन हळू चकरा, थोडं आडवं सरकणं, आणि उडी मारून दोन्ही पायांवर गुडघे वाकवून उतरायचा सराव. तोवर बाकीचे येतात, जोडी धरून पासिंग सुरू करा, शक्यतो ओळख नसलेल्या कुणाबरोबर, म्हणजे ओरडायची सवयही तिथेच लागते.