पंचवटी एक्स्प्रेसमध्ये लॅपटॉपवर काम करताना नेट तुटत असेल तर

नाशिकरोडहून सकाळची पंचवटी धरली की देवळाली सुटता सुटता हॉटस्पॉट रडायला लागतो. रेंजचे दांडे दिसतात, पण मेल जात नाही. मी आता हे करतो, आणि फरक खरंच जाणवतो:

१. हॉटस्पॉट बंद करून फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. भरलेल्या डब्यात प्रत्येकाचा हॉटस्पॉट एकमेकांत घुसतो. केबलला ती गर्दी लागत नाही, वर फोन चार्जही होत राहतो.

२. फोन बॅगेत किंवा मांडीवर नको, खिडकीशी ठेवा. डब्याचा पत्रा सिग्नल अडवतो. एसी डब्यात तर हे हमखास करा.

३. मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ५जीऐवजी ४जी निवडा. धावत्या गाडीत फोन सारखा ५जी-४जी अशा उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला नेट अडखळतं. थोडा कमी पण सलग वेग कामाला जास्त उपयोगी.

४. मोठ्या फायली इगतपुरीच्या आधीच उतरवून घ्या. पुढे कसाऱ्यापर्यंत घाट आणि बोगदे, तिथे कुठलीच युक्ती चालत नाही. त्या वेळात ऑफलाइन लिहिण्याचं काम काढा. व्हिडिओ कॉल तर गाडी कसारा घाट उतरल्यावरच लावा.

एक जपा: अमर्याद डेटा फक्त ५जीवर असेल, तर ४जीवर रोजचा कोटा भराभर संपतो. मुंबईत उतरल्यावर सेटिंग आठवणीने परत बदला.