अल्झायमरची जनुकं शिकायचीत? आधी ६७२ शोधा

सोलापुरात एम.एस्सी. करताना सेमिनारला हा विषय घेतला, तेव्हा नोट्समध्ये एवढंच होतं: एपीपी (अमायलॉइड प्रिकर्सर प्रोटीन) हे जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर, प्रिसेनिलिन-१ चौदाव्यावर, प्रिसेनिलिन-२ पहिल्यावर. हे पाठ होतं आणि पेपर झाला की उडून जातं. जनुकातला बदल आणि मेंदूत साचणारं प्रथिन यांचा संबंध नेमका कुठे जुळतो, ते मला एका कागदावर दिसलं. नव्यांनी तिथूनच सुरुवात करावी, असं मनापासून वाटतं.

युनिप्रॉट ही प्रथिनांची ऑनलाइन नोंदवही उघडा, फुकट आहे. पी०५०६७ टाकलं की माणसाच्या एपीपी प्रथिनाचा ७७० अमिनो आम्लांचा क्रम मिळतो. सात रस्त्याजवळ त्याची प्रिंट काढली आणि अभ्यासिकेत बसून ६७२ ते ७१३ लाल पेनाने अधोरेखित केलं. हाच अमायलॉइड बीटा-४२, एकमेकांना चिकटून प्लाक (मेंदूत पेशींच्या बाहेर साचणारे गोळे) बनवणारा तुकडा. ६७२च्या अगदी आधी बीटा-सिक्रेटेज या एन्झाइमची कात्री चालते, दुसऱ्या टोकाला गॅमा-सिक्रेटेजची. ७११ नंतर कापलं तर ४०चा तुकडा, ७१३ नंतर कापलं तर ४२चा. फरक दोनच अमिनो आम्लांचा, पण ४२ फार लवकर गोळा होतो.

आता त्याच कागदावर म्युटेशन, म्हणजे जनुकातले बदल, मांडा. स्वीडिश नावाचं ६७० आणि ६७१वर, पहिल्या कापाला अगदी खेटून. तिथे कात्री जास्त चालते, म्हणून ४० आणि ४२ दोन्ही वाढतात. लंडन ७१७वर, दुसऱ्या कापाच्या पलीकडे. त्याने ४२चं प्रमाण वाढतं. आर्क्टिक ६९३वर, तुकड्याच्या आतच, म्हणून तुकडाच झपाट्याने जुळणारा होतो. आणि ६७३वरचं, २०१२ साली आइसलँडमधून पुढे आलेलं: त्याने पहिला काप कमी होतो आणि ते असलेल्यांना अल्झायमरपासून संरक्षण मिळतं. मला विषयाची गोडी लागली ती इथे. अमायलॉइडवर संशय का घेतात, याचं इतकं बोलकं उत्तर दुसरं नाही.

प्रिसेनिलिन म्हणजे गॅमा-सिक्रेटेजचं पातंच. प्रिसेनिलिन-१ मध्ये तीनशेहून अधिक म्युटेशन नोंदली आहेत. हे एन्झाइम लांब तुकडा टप्प्याटप्प्याने छाटत आणतं. म्युटेशन असलं की ते मध्येच सोडून देतं आणि लांब, चिकट तुकडे उरतात. म्हणून ‘एन्झाइम जास्त काम करतं’ असं उत्तरात लिहू नका, बऱ्याचदा ते कमीच करतं. डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती, म्हणजे एपीपीच्याही तीन. चाळिशीपर्यंत प्लाक दिसू लागतात.

व्हायवात टाऊ हमखास विचारतात. टाऊ हे दुसरं प्रथिन, मेंदूच्या पेशींच्या आतले गुंते त्याचे. पण टाऊच्या स्वतःच्या जनुकातल्या म्युटेशनने फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया हा वेगळा स्मृतिभ्रंश होतो, अल्झायमर नाही.

हा विषय शिकता म्हटलं की पूर्व भागातल्या मैत्रिणीच्या घरीसुद्धा कुणीतरी हळूच विचारतं, “आमच्या आजीला होतं गं, मला होईल का?” एपीपी आणि दोन प्रिसेनिलिन ही तीन जनुकं एक टक्क्याहून कमी रुग्णांत कारण असतात. त्या घरांत मात्र प्रत्येक मुलाला म्युटेशन मिळण्याची शक्यता निम्मी. एकोणिसाव्या गुणसूत्रावरच्या एपीओई जनुकाचं एपीओई-४ हे रूप धोका वाढवतं, आजार ठरवत नाही. निदान तुम्ही करू नका. आजार कितव्या वर्षी सुरू झाला आणि किती पिढ्यांत दिसला, एवढं विचारा. पासष्टीच्या आत आणि सलग पिढ्यांत असेल, तर न्यूरॉलॉजिस्ट आणि जेनेटिक कौन्सेलरकडे जायला सांगा, आणि रक्त तपासणीला देण्याआधीच जायला सांगा.