जोंधळ्याच्या धाटांचा पाठकणा

पाठकण्याचा नमुना करण्याआधी मुलांना मान खाली घालायला लावा. मानेच्या मुळाशी बोटाला जो उंचवटा लागतो, तो बहुधा सातवा मणका. पाठीत एकच लांब हाड असतं, ही समजूत इथेच सुटते.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे कडबा सहज मिळतो. वाळलेल्या धाटांचे 24 तुकडे कापा: मानेसाठी 7, दीड सेंटिमीटरचे; पाठीसाठी 12, दोनचे; कमरेसाठी 5, तीनचे. कमरेला जाड बुडखाच घ्या, वरचा सगळा भार तिथे येतो. टोकं धारदार असतात, पॉलिश पेपरने घासा. भोकं दाभणाने मोठ्यांनीच पाडावीत.

सायकलच्या जुन्या ट्यूबच्या 23 चकत्या कापा. तुकडे (म्हणजे मणके) आणि चकत्या सुतळीत आळीपाळीने ओवा. पहिल्या दोन मणक्यांमध्ये चकती नसते, म्हणून तिथे ओवू नका. उरलेली एक सर्वांत खाली. सुतळी फार ओढली तर कणा काठीसारखा ताठ होतो, सैल राहिली तर तुकडे निसटतात. वाकवल्यावर चकत्या एका बाजूने दबलेल्या दिसल्या की गाठ मारा. खाली माकडहाडापर्यंतचा जोडलेला भाग मातीचा करा.

एखादं मूल पाठकण्याला कानडीत ‘बेन्नेलुबु’ म्हणालं तर तेही फळ्यावर लिहा. शब्द अगदी बरोबर आहे.