गोव्यात मोकळ्या जागेत शेजारी कुणी सिगरेट पेटवली तर काय करायचं

माझ्या आईला दमा आहे. बसस्टँडवर बाजूला कुणी सिगरेट पेटवली की तिला खोकला सुटतो, मग मी पर्समध्ये पंप शोधत बसते, आणि त्या माणसाला सांगायला गेलं की उत्तर ठरलेलं, अहो मोकळी जागा आहे, इथे चालतं. नाही चालत. एवढं एकदा नीट समजून घ्या म्हणजे बोलताना तुमचाच आवाज खाली जात नाही.

2003 च्या कोटपा कायद्यात, म्हणजे केंद्राच्या तंबाखूविरोधी कायद्यात, मोकळी जागा वगळलेली होती, लोकांच्या डोक्यात तेच बसलंय. पण 2 ऑक्टोबर 2008 पासून जे नियम लागू झाले त्यात स्पष्ट आलं की स्टेडियम, रेल्वे स्टेशन, बसस्टॉप, ओपन ऑडिटोरियम आणि अशा जागांना मोकळी म्हणून सूट मिळणार नाही. म्हणजे पणजी, म्हापसा, मडगावचा कदंबा बसस्टँड, फातोर्ड्याच्या स्टेडियमवरची मॅच, थिवीचा प्लॅटफॉर्म, सगळीकडे बंदीच. जत्रेत देवळासमोर मांडव घालून नाटक होतं, तेसुद्धा मी ओपन ऑडिटोरियमच धरते, पुढच्या रांगेत म्हातारी माणसं आणि पोरं बसलेली असतात हो. आपल्या गोव्याचा तर धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्धचा स्वतःचा कायदा आहे, 1997 चा, कोटपाच्याही आधीचा. साधा रस्ता किंवा किनाऱ्यावरची वाळू केंद्राच्या त्या यादीत नावाने नाही, तिथे मी नुसती विनंती करते.

किनाऱ्यावरच्या शॅकचं, म्हणजे तिथल्या झोपडीवजा रेस्टॉरंटचं मात्र वेगळं. रेस्टॉरंट म्हटलं की त्याच्या भोवतीची उघडी जागाही त्यात आली, त्यामुळे बाहेर वाळूत मांडलेल्या टेबलालाही नियम लागतो. स्मोकिंग एरिया फक्त 30 किंवा जास्त सीट असतील तरच करता येतो आणि तोही चारी बाजूंनी भिंती, आपोआप बंद होणारं दार आणि धूर बाहेर टाकणारा पंखा असलेला, कोपऱ्यातलं टेबल म्हणजे स्मोकिंग एरिया नव्हे. टेबलावर ॲशट्रे ठेवलेला दिसला तर तोही नियमाबाहेर.

आता करायचं काय. आधी त्या माणसाशी शांतपणे बोला, मी म्हणते, बाब, आईला दमा आहे, जरा तिकडे जाता का. दहातले बहुतेक जण लगेच विझवतात, काही तर सॉरी म्हणतात. नाही ऐकलं तर वाद घालू नका, विशेषतः तो प्यायलेला असेल तर, सरळ मॅनेजर किंवा स्टँडवरच्या कंट्रोलरकडे जा. दारावर निदान 60 बाय 30 सेंटीमीटरचा धूम्रपान मनाईचा बोर्ड आणि तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव लावायलाच हवं, ते नाव वाचून त्यालाच गाठा. कोटपाखाली ओढणाऱ्याला 200 रुपयांपर्यंत दंड, पण तक्रार करूनही मालक गप्प बसला तर जितके लोक ओढतायत तितके दंड त्याच्या डोक्यावर. हे वाक्य मॅनेजरला सांगून बघा, मी सांगितलंय, पाच मिनिटांत वेटर ॲशट्रे गोळा करत होता.

स्टेशनवर स्टेशन मास्तरला सांगा, त्यांना दंड करायचा अधिकार आहे, धावत्या गाडीत असाल तर रेल्वेच्या 139 हेल्पलाइनवर फोन करा. बाकी ठिकाणी पोलीस, सब-इन्स्पेक्टर किंवा वरचा अधिकारी दंड करू शकतो. फोटो काढायचा तर बोर्डाचा किंवा ॲशट्रेचा काढा, माणसाच्या तोंडावर मोबाईल धरू नका, भांडण तिथूनच सुरू होतं.