सिम्युलेटरवर ड्रिल शिकवताना: आधी हवा, मग दाब

चंद्रपूर-वणीकडच्या उघड्या कोळसा खाणींत वर काळी माती, खाली वाळूचा दगड. १६० मिमीच्या ब्लास्ट होल ड्रिलचा (सुरुंगाची भोकं पाडणाऱ्या यंत्राचा) सराव घ्यायचा तर सिम्युलेटरवर हेच थर लावा. नुसता कडक खडक लावला, की रॉड अडकवणारं भोक शिकणाऱ्याला भेटतच नाही.

सुरुवात जॅक (यंत्र उचलून धरणारे पाय) आणि लेव्हलपासून. बुडबुडा मधे आल्याशिवाय मास्ट (रॉड धरणारा उंच सांगाडा) उभा करू देऊ नका.

मग भोकाचं तोंड. आधी हवा (चुरा बाहेर उडवणारी), मग फिरकी (रॉडचं फिरणं), शेवटी दाब (रॉड खाली रेटणारा). पहिला मीटरभर दाब आणि फेरे दोन्ही कमी. घाई केली की भोक तिरकं जातं, तोंडही ढासळतं.

खरी परीक्षा रॉड अडकण्याची. न सांगता बिघाड टाका. हवेचा काटा चढतो, फिरकी जड होते, भोकातून चुरा यायचा थांबतो, म्हणजे चुरा खाली साचलाय. नवशिका इथेच आणखी दाब देतो! करायचं उलट: दाब सोडा, हवा आणि फिरकी चालूच ठेवा, रॉड सावकाश वर घ्या, चुरा उडू लागला की परत खाली. फिरकी उलटी फिरवली तर रॉडचे आटे सुटून बिट (टोकाचा खडक फोडणारा भाग) भोकातच राहू शकतं.

चुऱ्याच्या रंगावरून थर ओळखणं मात्र खाणीतल्या बेंचवरच (ड्रिल उभं राहतं त्या पायरीवर) शिकवावं लागतं.