रायफल खाली घ्यायला शिका

माझी पहिली राज्य स्पर्धा बालेवाडीच्या रेंजवर झाली. १० मीटर एअर रायफल, ६० शॉट. सरावात ६१० च्या आसपास पडायचे, त्यामुळे जरा तोऱ्यातच गेलो होतो. चौदावा शॉट ८.६ गेला. तो भरून काढायच्या नादात पुढचे तीन धडाधड सोडले: ९.१, ८.९, ९.४. माझी मॅच त्या तिघांनी घालवली, ८.६ ने नाही.

संध्याकाळी सरांनी एकच विचारलं, "रायफल खाली का नाही घेतलीस?"

दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छातीत धडधडायला लागलं की ती धडधड थेट साईटमध्ये दिसते, काळा गोल रिंगमध्ये टुकटुक उडतो. "मन शांत ठेव" सांगणाऱ्या काकांना एकदा त्या जॅकेटमध्ये उभं करायला हवं! स्वप्निल कुसाळेसुद्धा २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या फायनलला पोटात गोळा आल्यामुळे नुसत्या काळ्या चहावर उतरला होता. गुडघ्यावरची फेरी संपली तेव्हा तो सहावा होता, आणि शेवटी ब्राँझ घेऊन आला. भीती जात नाही. ती असताना हातांनी काय करायचं, एवढंच ठरवून ठेवता येतं.

आमच्याकडे ते असं ठरलं: सात-आठ सेकंदांत होल्ड बसला नाही तर शॉट रद्द, रायफल स्टँडवर, दोन श्वास, पुन्हा पहिल्यापासून. ६० शॉटना ७५ मिनिटं मिळतात, म्हणजे एकेकाला सव्वा मिनिट. वेळ भरपूर असतो, घाई आपलीच. सवय लागावी म्हणून सर सरावात मधेच "खाली!" ओरडायचे, तेही नेमका गोल मस्त बसलेला असताना. जाम राग यायचा. सरावात बेरजेच्या आकड्यावर चिकटपट्टीही लावायचो.

घरच्यांशीही बोलून घ्या. मॅच संपल्या संपल्या आईचा फोन यायचा, "किती पडले?" आता आधी जेवणाचं विचारते.

पुढच्या वर्षी त्याच रेंजवर एकेचाळिसाव्या शॉटला मी पाच वेळा रायफल खाली घेतली. मागे बसलेले कुणाचे तरी वडील पुटपुटले, "घाबरलाय पोरगा." घाबरलोच होतो. सहाव्यांदा उचलली. १०.४.